आधारवडाची पूजा

नारळ फाटकावरच अडकला.

पहारेकऱ्याने तो पिशवीतून काढला, कानाशी धरून हलवला आणि आत पाणी खळखळल्याबरोबर दचकून मागे सरला. त्याच्या मागच्या दोघांनी बंदुका सरसावल्या. शेंडी असलेली, केसाळ, आतून आवाज करणारी वस्तू त्या देशात बहुधा कुणी हातात धरलेलीच नव्हती.

"ओ बाई, सांगा की त्यास्नी," सावळेकर सर मला म्हणाले. "नारळ हाय म्हणावं. शुभ असतंय. यंत्रापुढं फोडायचाय."

मी ते रशियनमध्ये सांगितलं. आता ‘यंत्रापुढे फोडायचा आहे’ हे वाक्य कुठल्याही भाषेत सांगा, लष्करी फाटकावर ते काही बरं वाटत नाही. शेवटी आमच्याबरोबरची सरकारी बाई, झुल्फिया रहिमोव्ना, पुढे झाली. खाली मान घालून ती त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलली. मग नारळ वाळूच्या बादलीत ठेवला गेला आणि एक शिपाई ती बादली छातीपासून जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरून माळाकडे निघून गेला.

"काय विचारत होता तो?" मी तिला विचारलं.

"नेहमीचंच. याला जबाबदार कोण."

"मग?"

"मी. तुम्ही लोक इथे जे काही कराल त्याला मी जबाबदार, हेमांगी वसंतोव्ना." माझ्या वडिलांचं नाव वसंत असल्याचं पहिल्याच दिवशी विचारून तिने माझं असं बारसं केलं होतं. "माझ्या आधी हे काम एक गृहस्थ करायचे. एका परदेशी पाहुण्याने जेवताना आधारवडांच्या टोपीवर विनोद केला. पाहुणा विमानाने घरी गेला."

"आणि ते गृहस्थ?"

तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला. "मला त्यांची खोली मिळाली. खिडकी दक्षिणेला आहे, आईला ऊन मिळतं."

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. झुल्फिया अजून तिथेच आहे. तिथल्या सर्वेसर्वाची पदवी चांगली हातभर लांब होती आणि तिचा अर्थ, ज्याच्या सावलीत सारं राष्ट्र बसतं असा वृक्ष. मी त्याचं मराठी ‘आधारवड’ करून टाकलं. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी एवढं तरी शिकवलं आहेच.

आणि आमचे पृथ्वीराज सावळेकर सर म्हणजे काय चीज होती तेही सांगते. सांगलीकडचा माणूस. आधी एमू पाळायला लावून लोकांना बुडवलं, मग कोरफड लावायला लावून बुडवलं. पक्षी आणि झाडं संपल्यावर त्यांनी हवाच विकायला काढली, म्हणजे वज्रकॉइन. मोबाइलमधलं नाणं, दिसत नाही, वाजत नाही, पण दर महिन्याला दामदुप्पट होतं. मंगल कार्यालयात मेळावे व्हायचे. सर माइक तोंडात घातल्यासारखा धरून ओरडायचे, "ना राजा!" आणि निवृत्त मास्तर, पतसंस्थांचे कारकून खालून ओरडायचे, "ना राखणदार!" मग सगळे मिळून, "आपला पैसा, आपलं राज्य!" त्या मास्तरांचा पैसा कुठल्या राज्यात गेला याची चौकशी पोलिसांनी सुरू केली, आणि त्याच आठवड्यात सरांना एकाएकी आंतरराष्ट्रीय व्हावंसं वाटू लागलं.

दुबईतल्या कुणीतरी गाठ घालून दिली. या देशावर जगाने बहिष्कार टाकलेला, बँकांची दारं बंद. त्यांना असं चलन हवं होतं जे बाहेरच्या कुणाला अडवता येणार नाही. सरांना फुकट वीज हवी होती आणि मागे पोलीस नको होते. चोराला मिळाला चोर, आणि मधे बोलायला पाहिजे होती मी. पुण्यात रशियन शिकलेली, औषधांच्या चिठ्ठ्या नि पंपांची माहितीपत्रकं भाषांतर करून पोट भरणारी बाई. सर चांगले पैसे देत होते म्हणून गेले. उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही.

फाटकाच्या आत एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिथे चात्यांच्या जागी रांगांनी यंत्रं मांडली होती, वीज खाऊन नाणी ‘घडवणारी’. त्यांच्या घरघरीत स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाठीमागच्या बाजूने गरम वारा सुटलेला. अख्ख्या गावात ऊब म्हणून तेवढीच. धरणाची सगळी वीज या यंत्रांना जात होती आणि गावात लोक घरातही ओव्हरकोट घालून बसत होते. झुल्फियाने हळूच हातमोजे काढले आणि तळवे त्या वाऱ्यावर धरले.

"एक विचारू?" तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "हे नाणं कुणाच्या परवानगीशिवाय येतं-जातं म्हणतात, खरं का? माझा भाऊ परदेशात फरशा बसवतो. आईला पैसे पाठवतो ते इथल्या बँकेतच मुरतात. यातून येतील?"

मी उत्तर देणार तेवढ्यात सरांनी मला हाक मारली. ते उपमंत्री सामेतोव यांच्याबरोबर उभे होते. सामेतोव हा उंच, गाल बसलेला, आवाज कधीही न चढवणारा माणूस. त्याला रशियन येत होतं, तेव्हा झुल्फियाला तिथे काही काम नव्हतं; ती नुसती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"सांगा साहेबांना," सर म्हणाले, "सगळ्या नोकरांचे पगार वज्रकॉइनमधी करा म्हणावं. मग कोण कुठं बटाटे घेतंय, कोणाचा भाऊ कुठनं काय धाडतोय, सगळं साहेबांना खुर्चीवर बसून दिसंल. एक नाणं लपायचं नाही."

"सर, तुम्ही सांगलीत तर नेमकं उलटं सांगत होतात."

"सांगलीचं सांगलीत. आणि ते ‘ना राजा’ तेवढं गाळा हां बाई."

मी सामेतोवला सांगितलं. सांगताना मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. झुल्फियाला तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच तोंडून मिळालं होतं. मी वळले तेव्हा तिने हातमोजे परत घातले होते.

दुपारी संस्कृतिभवनात वज्रकॉइनचं उद्‌घाटन. हॉल गच्च भरलेला. म्हणजे माणसं आणून भरलेली. शिक्षिका, नर्सा, कचेऱ्यांतले लोक, सगळे कोटात, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. खुद्द आधारवड येणार अशी आवई होती. सरांनी त्यांच्या गळ्यात घालायला खास चंदनाच्या सालींचा हार आणला होता. ऐन वेळी बाहेर मोटारींचे भोंगे वाजले, सगळा हॉल ताडकन उभा राहिला, आणि चार अधिकारी पावलं आपटत आत आले. त्यांच्या खांद्यावर सोनेरी चौकटीतला फोटो होता.

आधारवडांना यायला जमलं नव्हतं. फोटो आला होता. फोटोला लाल खुर्चीवर बसवलं गेलं. त्याच्यापुढे पाण्याचा पेलाही ठेवला.

आता आपला माणूस काय करतो? आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रतिमापूजन आलंच. बियाण्यांचं दुकान उघडायचं असो की पतसंस्थेची सभा, समोर फोटो दिसला की हात आपोआप हाराकडे जातात. सर उठले. पिशवीतून लहान समई काढली, तुपाची बाटली काढली, कुंकवाची डबी काढली. काचेवर, आधारवडांच्या कपाळाच्या जागी, अंगठ्याने ठसठशीत कुंकू लावलं. हार घातला. दिवा लावला, चार उदबत्त्या लावल्या, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात एक श्लोक म्हटला, अर्धा गणपतीचा नि अर्धा जेवणाआधीचा. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरांनी डोळे उघडले. कुणी टाळी वाजवली नाही.

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. मी त्या फोटोकडे पाहिलं. चंदनाचा हार, उदबत्तीचा धूर, पुढे तेवती समई. आणि मग माझ्या लक्षात आलं.

त्या देशात लोकांना इंटरनेट नव्हतं, बाहेरची वर्तमानपत्रं नव्हती, पण हिंदी सिनेमे होते. रशियनांच्या काळापासून तिथली पोरं हिंदी सिनेमे बघत मोठी झाली होती, शेजारी आया डोळे पुसत. भिंतीवर वडिलांचा फोटो, फोटोला हार, खाली उदबत्ती, आणि पुढे उभा राहून मुलगा शपथ घेतोय. याचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. हॉलमधल्या प्रत्येक माणसाने तो सीन जन्मात शंभरदा पाहिला होता. आमच्या सरांनी त्यांच्या डोळ्यांदेखत आधारवडांना मारून टाकलं होतं.

सामेतोव खुर्चीतून उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने अगदी हळू विचारलं, "आम्ही सगळे तुमचे सिनेमे बघत वाढलो. तुमच्याकडे असा हार कुणाच्या फोटोला घालतात?"

उत्तर त्याला नकोच होतं.

"आणि या कार्यक्रमाला संमती कुणी दिली?"

त्याने झुल्फियाकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणीच पाहत नव्हतं. फक्त तिच्या शेजारच्या दोन बायका हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकल्या, आणि दाराशी उभे असलेले दोन पुरुष तिच्या रांगेपाशी येऊन थांबले. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणतंय ते?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. सरांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी त्या हाराकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "आयला" एवढंच निघालं. ‘ना राजा ना राखणदार’ म्हणत मंगल कार्यालयं दणाणून सोडणाऱ्या त्या वाघाने तुपाची बाटली हळूच पिशवीत परत टाकली. पण डोकं मात्र लगेच चाललं. अशा माणसांचं चालतंच.

"बाई, सांगा त्यास्नी, त्या रुमालवाल्या बाईनंच आमाला करायला लावलं. म्हणावं, आमी आधी इचारलं हुतं, ती म्हणली चालतंय."

"सर, तिला घेऊन जातील. परत दिसणार नाही ती."

"मग आपल्याला न्यायला पायजे व्हय? ती कोण लागती तुमची? तुमाला पैसे भाषांतराचे दिलेत. मी म्हणलो तसंच्या तसं सांगा."

मला त्या माणसाची किळस आली. मास्तरांना बुडवलं तेव्हा राग आला होता, पण राग वेगळा नि किळस वेगळी. हॉलमधले शेकडो लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. झुल्फियाही बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण सरांनी तिच्याकडे केलेलं बोट तिला दिसलं होतं.

"सर म्हणतात," मी मोठ्याने, शाळेत रशियन शिकलेल्या त्या अख्ख्या हॉलला कळेल असं रशियनमध्ये सुरू केलं, "की साहेबांनी सिनेमे पाहिलेत, पण शेवटाकडे जास्त लक्ष दिलं. सिनेमाची सुरुवात आठवा. आई सकाळी उठून कुणाच्या तसबिरीला हार घालते? देवाच्या. कपाळाला कुंकू, पुढे दिवा. मेलेल्या माणसाच्या फोटोला कुंकू कोण लावतं?"

हे शेवटचं सपशेल खोटं. आमच्या घरी आजोबांच्या काचेला दर दसऱ्याला लागतं. सर मात्र माझ्या प्रत्येक वाक्याला जोरजोरात मान डोलावत होते. त्यांना वाटलं, मी त्या बाईला अडकवतेय.

"सर म्हणतात, जिवंत माणसाला आम्ही गळ्यात हार घालतो, कारण तो आज ना उद्या जाणार. सर आधारवडांसाठी गळ्यातलाच हार घेऊन आले होते. पण या बाईंनी," आणि इथे सरांनी नेमकं पुन्हा झुल्फियाकडे बोट दाखवलं, "या बाईंनी आधारवडांचं माहात्म्य असं काही समजावून सांगितलं, की सरांना त्यांना माणसाचा मान द्यायची लाज वाटली. म्हणून त्यांनी देवाचा दिला. आता आधारवड त्या मानाचे नाहीत असं कुणाचं म्हणणं असेल, तर सर हार काढून घ्यायला तयार आहेत."

सामेतोव माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. पण आता हार काढा असं म्हणणार कोण? जो म्हणेल तो आधारवड मर्त्य आहेत असं चारचौघांत म्हणणार. सामेतोवनेच पहिली टाळी वाजवली. मग जो कडकडाट झाला तो थांबेचना, कारण आधी थांबायची कुणाची छाती नव्हती. तिच्या रांगेपाशी आलेले ते दोघे टाळ्या वाजवतच पुन्हा दाराशी गेले.

"बघा," सर माझ्या कानात म्हणाले. घाम पुसत होते, पण मिशीत हसत होते. "कुणावर तरी ढकललं की सुटतंय माणूस. शिका जरा."

टाळ्या ओसरल्यावर सामेतोवने विचारलं, "देवाची पूजा एकदाच करतात?"

"छे. रोज. सकाळ-संध्याकाळ."

"कोण करतं?"

मी सरांकडे पाहिलं. ते गर्दीला हात हलवत होते.

"ज्याने पहिला हार घातला त्यानेच करायची असते," मी म्हणाले. "दुसऱ्याचा हात चालत नाही."

"किती दिवस?"

"ते देवाच्या इच्छेवर आहे."

सामेतोव आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हसला. किंचित.

"काय ठरलं?" सरांनी अधीर होऊन विचारलं.

"तुमचा मुक्काम वाढवलाय, सर. सरकारी पाहुणचार. पासपोर्ट त्यांच्याकडे द्यायचाय."

"हां! कदर हाय म्हणायची!" असं म्हणून सरांनी खिशातला पासपोर्ट स्वतःच्या हाताने काढून दिला.

त्यांचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले, निम्मे होऊन, दाढी वाढवून. रोज पहाटे उणे तापमानात, दोन शिपायांच्या देखरेखीखाली, सूतगिरणीत त्या फोटोची पूजा. नैवेद्य बीटच्या सुपाचा. यंत्रं हिवाळ्यातच एकेक करून बंद पडली आणि वज्रकॉइनमध्ये कुणाचा पगार झाला नाही. पूजा मात्र चालू. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, म्हणतात ते असं. लाज वगैरे वाटली असेल असं समजू नका. आल्या आल्या त्यांनी ‘आंतरराष्ट्रीय आध्यात्मिक अर्थतज्ज्ञ’ म्हणून कार्ड छापलं, आणि आपल्याकडचे लोक पुन्हा त्यांच्या पाया पडले. दोघेही एकमेकांच्या लायकीचे.

मी मात्र दुसऱ्याच दिवशी निघाले. विमानतळावर सोडायला झुल्फिया आली होती. सरकारी गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. आत आल्यावर म्हणाली, "मला बढती मिळाली. सकाळीच हुकूम निघालाय. प्रत्येक कचेरीत, शाळेत, दवाखान्यात आधारवडांच्या फोटोला हार, पुढे दिवा. सगळ्यांनी रोज सकाळी मान खाली घालून उभं राहायचं. हे नीट चालतंय का बघायचं काम माझं."

"तुमच्या गळ्यात ही नसती ब्याद अडकवली मी, झुल्फिया रहिमोव्ना. मला तेवढंच सुचलं."

"नाही, नाही." तिने आजूबाजूला पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "देवाच्या फोटोलाही हार घालतात ते खरं ना?"

"ते खरं आहे."

"हरकत नाही. आम्ही सिनेमात दुसराच हार पाहिलाय. सगळ्यांनी पाहिलाय, हेमांगी वसंतोव्ना. अख्ख्या देशाने."

ती कशाकडे तरी बघत होती म्हणून मीही तिकडे पाहिलं. तिकिटांच्या खिडकीवर आधारवडांचा भलामोठा फोटो होता आणि एक माणूस शिडीवर चढून त्याला कागदी फुलांचा हार घालत होता. खाली कर्मचारी रांगेत उभे होते, टोप्या काढून, माना खाली घालून. एक म्हातारी झाडूवाली रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती, अगदी सिनेमातल्या आईसारखी. तिला रडू नको म्हणायची पहाऱ्यावरच्या शिपायाची छाती नव्हती. भक्तीला कोण अडवणार?

"रोज सकाळी," झुल्फिया पुटपुटली. "पगारी वेळात." आणि तिनेही मान खाली घातली.

मी बॅग जमिनीवर ठेवली, पायातले बूट काढले आणि तिच्या शेजारी दोन मिनिटं शांत उभी राहिले.